एका दांड्याची पाच कामे

पाटण-जावळीच्या डोंगरकपारीत किंवा शिराळ्याकडे चांदोलीच्या कडेला एखाद्या जुन्या घरात अजूनही ठासणीची बंदूक भिंतीला टेकलेली दिसते. रानडुकरे भात लोळवतात, गवे उसात शिरतात, म्हणून आजोबांच्या काळात कधीतरी परवाना काढलेला असतो. ती बंदूक भरताना ज्याने पाहिली आहे, त्याला पुढचा निम्मा विषय आधीच ठाऊक आहे. नळीचे तोंड वर करायचे. मापाने दारू ओतायची. वर बोळा. मग छर्रे किंवा शिशाची गोळी, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचे. सगळ्यात शेवटी घोड्याखाली टोपी बसवायची. पाच-सहा कामे, तीही ठरलेल्या क्रमानेच, आणि एवढे सगळे एका बारासाठी.

काडतूस म्हणजे हीच सगळी कामे आधी उरकून पितळेच्या पुंगळीत बंद करून ठेवलेली. पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी म्हणजे प्रायमर, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी, असे त्याचे चार भाग. बार उडाला की प्रायमर जळतो, दारू संपते, गोळी निघून जाते. मागे उरते ती पुंगळी. चौघांत घडवायला सगळ्यात कठीण आणि महाग भाग तोच, आणि नेमका तोच शाबूत राहतो. मग ती पुन्हा का भरू नये? अमेरिकेत असंख्य नेमबाज घराच्या गॅरेजमध्ये, टेबलाला एक प्रेस बोल्टने आवळून, हेच करतात. त्याला ते रीलोडिंग म्हणतात. आपल्याकडे हे का होत नाही, ते पुढे येईलच. आधी हे काम कसे चालते ते पाहू. यंत्राची आवड असलेल्या माणसाला त्यात शिकण्यासारखे खूप आहे, आणि कुपवाड, मिरज, इस्लामपूर, सातारा इथल्या एमआयडीसीत ज्यांचे हात तेलकट झाले आहेत त्यांना तर हे यंत्र ओळखीचेच वाटेल.

बार उडतो तेव्हा पुंगळीत काय होते, इथून सुरुवात करावी लागते. ९ मिमी पिस्तुलाच्या काडतुसात दाब चौरस इंचाला सुमारे ३५,००० पौंडांपर्यंत चढतो. मोटारीच्या चाकात हवा भरतो, त्याच्या हजारपट. त्या दाबाने पातळ पितळ फुगून नळीच्या मागच्या कप्प्याला घट्ट चिकटते, त्यामुळे वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येत नाही. क्षणात दाब उतरतो आणि पितळ थोडे आकसते, म्हणून पुंगळी बाहेर काढता येते. लोखंडाची मजबुती आणि रबराची लवचीकता असे दोन्ही गुण थोडे थोडे अंगी असलेला हा धातू. साधारण ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त. मात्र आकसूनही पुंगळी मूळ मापावर येत नाही, किंचित फुगलेलीच राहते. तशीच भरली तर पुन्हा कप्प्यात शिरेल याची खात्री नाही आणि गोळीला तिची पकडही बसणार नाही.

म्हणून पहिले काम असते पुंगळी डायमध्ये, म्हणजे साच्यात दाबून मापात आणण्याचे. त्याच फटक्यात डायमधली पिन जळलेला प्रायमर खाली पाडते. दुसरे काम नवा प्रायमर बसवण्याचे. तिसरे, तोंड जरासे फुलवून आत मोजलेली दारू सोडण्याचे. चौथे, गोळी ठरलेल्या खोलीपर्यंत बसवण्याचे. पाचवे, फुलवलेले तोंड पुन्हा आवळण्याचे, म्हणजे गोळी जागची हलत नाही. ठासणीच्या बंदुकीचा क्रम आठवा. फक्त बंदुकीच्या जागी आता टेबल आले आहे, आणि घाई नाही.

साध्या प्रेसवर एका वेळी एकच डाय बसते. शंभर पुंगळ्या असतील तर शंभरही आधी मापात आणायच्या, मग डाय बदलायची, मग शंभरांची तोंडे फुलवायची, मग पुन्हा डाय. दारू तर बहुतेक जण बाजूला तराजूवर तोलून, फळीच्या खाचांत उभ्या केलेल्या पुंगळ्यांत एकेक करून ओततात. सरावलेला माणूस तासाला पन्नास ते शंभर काडतुसे करतो. शिकारीसाठी वर्षाला दोन-तीन डबे लागणाऱ्याला हे पुष्कळ झाले. पण १९७६ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया या गावी प्रॅक्टिकल शूटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पिस्तूल घेऊन पळत, वळत नेम साधण्याचा खेळ फोफावला. त्या खेळातल्या माणसाला सरावासाठी महिन्याला हजारभर काडतुसे सहज लागतात. साध्या प्रेसवर बसला तर त्याचे रविवार गोळ्या भरण्यातच संपतील. प्रोग्रेसिव्ह प्रेस त्याआधीही होते, पण घराघरांत पोहोचले ते या गरजेमुळे. ॲरिझोनातल्या माइक डिलन यांच्या यंत्रांचे नाव त्यात सगळ्यात पुढे घेतले जाते.

प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये पाच डाय एका डोक्यात कायम बसवलेल्या असतात. खाली एक गोल ताटली असते आणि तिला पाच खाचा. प्रत्येक खाचेत एक पुंगळी, आणि प्रत्येक पुंगळी वेगळ्या टप्प्यावर. दांडा एकदा खाली ओढला की पहिली मापात येते, दुसरीत दारू पडते, तिसरीची तपासणी होते, चौथीत गोळी बसते, पाचवीचे तोंड आवळले जाते. दांडा मागे ढकलला की प्रायमर बसतो, ताटली एक घर पुढे सरकते आणि तयार काडतूस घरंगळत डब्यात पडते. दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यात एक काडतूस. तासाला चारशे ते सहाशे निघतात, पुंगळ्या आपोआप सरकवणारा नळा जोडला तर त्याहूनही जास्त.

प्रेस शॉपमध्ये काम केलेला माणूस इथे लगेच म्हणेल, ‘अहो, हे तर आपले प्रोग्रेसिव्ह टूल!’ बरोबर आहे. पत्र्याची पट्टी टूलमध्ये सरकत जाते, पहिल्या ठिकाणी भोक, दुसऱ्या ठिकाणी खाच, तिसऱ्या ठिकाणी वाक, शेवटी कापणी, आणि प्रत्येक स्ट्रोकला एक तयार पीस. मी पहिल्यांदा असे टूल चालताना पाहिले तेव्हा माझे डोळे तयार होऊन पडणाऱ्या पीसवर खिळले होते. शेजारचा मिस्त्री मात्र पट्टीकडे पाहत होता. ‘पीस चांगलाच पडणार. पट्टी कुठं अडखळते ते बघायचं असतं,’ असे तो म्हणाला. साध्या प्रेसवरून प्रोग्रेसिव्हवर जाणाऱ्याला जे शिकावे लागते, ते नेमके हेच आहे. साध्या प्रेसवर माणूस काम करतो. प्रोग्रेसिव्हवर काम यंत्र करते आणि माणसाच्या वाट्याला राखण येते. राखण हे जास्त कठीण काम आहे, असे माझे ठाम मत आहे. हात गुंतलेले असतात तेव्हा लक्ष आपोआप तिथेच राहते. हात मोकळे झाले की ते ओढून आणावे लागते.

राखायचे असते ते मुख्यतः दारूला. काडतुसात आज वापरतात ती बिनधुराची दारू. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी ती १८८४ मध्ये तयार केली, आणि पाच-सहा वर्षांतच इंग्रजांची कॉर्डाइटही आली. आपल्याकडे दारू म्हटले की सांगली जिल्ह्यातल्या माणसाला तासगाव तालुक्यातले कवठेएकंद आठवणार. दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाची पालखी निघते आणि गावातली मंडळे स्वतः तयार केलेले शोभेच्या दारूचे औट, शिंगटे रात्रभर उडवतात. त्या कामाची परंपरा मोठी आहे. त्यात स्फोट होऊन गावाने माणसेही गमावली आहेत, म्हणून त्या कौतुकात नेहमी एक कळ मिसळलेली असते. ती शोभेची दारू आणि काडतुसातली बिनधुराची दारू यांचे स्वभाव मात्र वेगळे. बिनधुराच्या दारूचा जळण्याचा वेग भोवतीच्या दाबाबरोबर वाढतो. उघड्यावर चमचाभर पेटवली तर ती फुसफुसत जळून जाते. कोंडली की दाब चढतो, दाब चढला की ती जास्त वेगाने जळते, म्हणजे दाब आणखी चढतो. म्हणूनच चुकून दुप्पट पडली तर दाब दुपटीवर थांबत नाही, त्याच्या फार पुढे जातो आणि पिस्तूल हातात फुटते.

दुसरी चूक याच्या उलट, दारू पडतच नाही. मग एकट्या प्रायमरचा जोर गोळीला नळीत अर्ध्यापर्यंत ढकलतो आणि तिथेच रुतवतो. आवाज ‘फुस्स’ असा काहीतरी येतो. घाईत असलेल्या नेमबाजाने तो बार नुसता चुकला असे समजून पुढचा घोडा दाबला, तर रुतलेल्या गोळीवर दुसरी येऊन आदळते आणि नळी फुगते किंवा फाटते. साध्या प्रेसवर या दोन्ही चुका टाळणे सोपे असते. पन्नास पुंगळ्या फळीवर उभ्या असतात, वरून बॅटरी मारली की सगळ्यांत दारूची पातळी एकसारखी आहे की नाही ते एका नजरेत कळते. प्रोग्रेसिव्हवर तशी फळीच नसते. प्रत्येक पुंगळीत डोकवायला एक क्षणच मिळतो, तोही गोळी तिच्या तोंडावर ठेवण्याआधी. म्हणून जाणते लोक दिवा थेट त्या खाचेवर पडेल असा लावतात आणि गोळी ठेवण्याआधी आत पाहण्याची सवय हाताला लावून घेतात. त्याच टप्प्यावर दारूची पातळी तपासणारी एक कांडीही बसवता येते. पातळी चुकली की ती आवाज करते. तिच्या भरवशावर डोळ्यांना रजा द्यायची नसते.

गडबड बहुधा यंत्र नीट चालू असताना होत नाही, थांबल्यावर होते. एखादा प्रायमर तिरका बसतो, दांडा अडतो. माणूस दांडा अर्धा मागे घेतो, पुन्हा ओढतो, बोटाने काही सरकवतो, आणि मग कुठल्या पुंगळीत दारू पडली होती आणि कुठलीत नव्हती तेच आठवत नाही. ज्या यंत्राची ताटली हाताने फिरवावी लागते, तिथे तर ती फिरवायला विसरून दांडा दोनदा ओढला की एकाच पुंगळीत दोनदा दारू पडते. ताटली आपोआप सरकणाऱ्या यंत्रात ही एक चूक टळते, पण त्याच्या बदल्यात एकाच वेळी पाच ठिकाणी लक्ष ठेवावे लागते. अडकले की ताटलीवरच्या सगळ्या पुंगळ्या काढून बाजूला ठेवायच्या आणि कोऱ्या मनाने सुरुवात करायची, हा एकच सुरक्षित रस्ता.

वजनाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण सांगली जिल्ह्यात या विषयाचे खरे जाणकार आहेत. दारू ग्रेनमध्ये तोलतात. एका पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅम. सोनाराची गुंज जवळपास दोन ग्रेनची भरते. पिस्तुलाच्या काडतुसात दारू अवघ्या काही ग्रेनांची असते, म्हणजे दोन-चार गुंजांची, आणि त्यात ग्रेनाच्या दहाव्या भागाचा फरकही बघावा लागतो. विटा-आटपाडी भागातून निघून देशभर पेढ्यांच्या मागे गलाईचे, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचे काम करणारी माणसे या मापावरच जगतात. वारा, ओला हात, डगमगणारे टेबल यांनी तराजू कसा फसवतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको. प्रोग्रेसिव्ह प्रेस मात्र दारू तोलत नाही, मापते. एका सरकत्या पट्टीतल्या पोकळीत मावेल तेवढी सोडते, किराणा दुकानात मापाने तेल घालतात तशी. बारीक गोल दाण्यांची दारू त्या पोकळीत एकसारखी भरते. लांबट कांड्यांची भरताना आडवी-उभी पडते आणि माप हलते. दांडा कधी हळू कधी झटक्याने ओढला तरीही माप हलते. म्हणून दर वीस-पंचवीस काडतुसांनंतर एक माप काढून तराजूवर घालायचे असते.

सगळीच काडतुसे या यंत्राला सारखी मानवत नाहीत. पिस्तुलाची सरळ पुंगळी टंगस्टन कार्बाइडच्या डायमधून कोरडीच जाते. रायफलची पुंगळी बाटलीसारखी, खांद्याशी निमुळती. तिला वंगण लागते, नंतर ते पुसावे लागते, आणि प्रत्येक वेळी दाबल्यावर ती लांब होते म्हणून कापून मापात आणावी लागते. एवढी कामे यंत्राबाहेरच राहिली तर वेगाचा फायदा बराचसा तिथेच जिरतो. शिवाय हजार मीटरवर नेम साधणाऱ्याला संख्येची पर्वा नसते. त्याला प्रत्येक काडतूस शेजारच्यासारखेच हवे असते. असे पुष्कळ जण साधा प्रेस कधीच सोडत नाहीत, आणि मला त्यांचे बरोबर वाटते.

प्रायमरमध्येही दोन घराणी आहेत, आणि त्यांचा उगम १८६० च्या दशकातला. एक बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याचे, दुसरे बर्डन या अमेरिकन माणसाचे. गंमत अशी की इंग्रजाचा प्रायमर अमेरिकेत रुजला आणि अमेरिकनाचा युरोपात. बॉक्सर पुंगळीत बुडाशी मधोमध एकच भोक असते, त्यामुळे डायमधली सरळ पिन जुना प्रायमर सहज पाडते. बर्डनमध्ये दोन भोके बाजूला असतात, तिथे पिन पोहोचत नाही. घरगुती रीलोडिंग अमेरिकेत एवढे पसरले, त्याला हे एक छोटे भोकही कारणीभूत आहे.

पितळाची गोष्ट तर आपल्याच पावसाळ्याशी जोडलेली आहे. इंग्रजी फौजा हिंदुस्थानात असताना पावसाळ्यात काडतुसे तबेल्यांत ठेवली जात. पावसाळा सरल्यावर काढली की पुष्कळ पुंगळ्यांना भेगा पडलेल्या असत. बाहेरून कुणी हात लावला नाही, बार उडाला नाही, तरी पितळ आपोआप चिरलेले. पावसाळ्यात घडते म्हणून त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. पुंगळी ओढून घडवताना पितळात ताण अडकून राहतो. तबेल्यात घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो. ताण, ओल आणि अमोनिया एकत्र आले की धातूच्या कणांच्या सांध्यांतून भेग चालत जाते. पुंगळी हलक्या आचेवर तापवून ताण मोकळा केला की रोग थांबतो. ठोकून कडक झालेले पितळ भट्टीत धरून नरम करायचे, हे आपल्या तांबटांना पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. तोच उपाय आजचे रीलोडर पुंगळीच्या मानेवर करतात, कारण पुन्हा पुन्हा फुगून-दबून तीही कडक होते आणि चिरते. बक्कल चमकवण्याच्या पॉलिशांपैकी कित्येकांत अमोनिया असतो, म्हणून पुंगळ्या त्याने घासायच्या नसतात. त्या साफ करताना उडणाऱ्या धुळीत शिसे असते, तेव्हा ते काम स्वयंपाकघरापासून आणि लहान मुलांपासून लांबच हवे.

कोल्हापूर शेजारी असल्याने सातारा-सांगलीतली बरीच मुले आता नेमबाजीकडे वळतात. २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी राही सरनोबत, २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे, हे सगळे कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यांच्या या पदकांशी मात्र रीलोडिंगचा काडीचाही संबंध नाही. त्यांच्या प्रकारांत लागते ते पॉइंट टू टू बोअरचे काडतूस. त्यात वेगळा प्रायमर नसतोच, पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेले असते आणि घोड्याची पिन काठच चेपते. चेपलेला काठ पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे ती पुंगळी एका बारानंतर भंगार होते. दहा मीटरच्या एअर रायफलला तर काडतूसच लागत नाही.

उरतो बाराचा बोअर. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बाराची. सातारा-सांगलीत फौजेतून निवृत्त झालेल्यांची संख्या मोठी, आणि त्यांतले कित्येक दुनळी घेऊन बँकेच्या दारात पहारा देतात. शस्त्राची जाण असलेला असा माणूस सहज विचारतो, ‘माझ्याकडे परवाना आहे, मग रिकामे काडतूस घरी भरले तर काय बिघडले?’ बिघडते, आणि फार बिघडते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. हातातला परवाना बाळगण्याचा असतो, बनवण्याचा नाही. त्याच कायद्यातली दारूगोळ्याची व्याख्या वाचून तर मी चकित झालो. काडतुसाचे सुटे भाग तिच्यात येतातच, शिवाय ते तयार करण्याचे यंत्रही येते. म्हणजे टेबलाला बोल्ट केलेला नुसता प्रेस, जवळ दारूचा एक कण नसला तरी, कायद्याच्या नजरेत दारूगोळाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला कमीत कमी सात वर्षांची आणि जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे. काडतुसे घडवण्याचे काम आपल्याकडे १८६९ पासून खडकीचा कारखाना करत आला आणि १९६४ पासून भुसावळजवळच्या वरणगावचा. भिंतीला टेकलेल्या त्या ठासणीच्या बंदुकीची मात्र याच कायद्याने वेगळी दखल घेतली आहे. पीकरक्षणासाठीचा परवाना देण्याच्या कलमात तिचा उल्लेख आजही आहे.

तेव्हा सातारा-सांगलीच्या कुठल्याही घरात हे यंत्र बसणार नाही. पण इथून शिकून अमेरिकेत गेलेला आपला एखादा टूल डिझायनर तिथल्या कायद्याप्रमाणे हा छंद धरणार असेल, तर त्याला माझे सांगणे एवढेच, की पहिले वर्ष साध्या प्रेसवर काढ. प्रत्येक टप्पा वेगळा केल्याशिवाय हाताला त्याचा दाब कळत नाही. प्रायमर नीट बसताना दांडा जो किंचित रेटा देतो, पुंगळी चिरलेली असली की गोळी जशी सैल उतरते, ते एकदा बोटांना कळले की प्रोग्रेसिव्हवर पाच गोष्टी एकदम घडत असतानाही त्यांतली एक चुकल्याचे हाताला जाणवते. आणि प्रोग्रेसिव्ह घेतला तरी पहिले काही दिवस ताटलीवर एकच पुंगळी फिरवायची, बाकी चार घरे रिकामी.

आपल्या टूल रूममध्ये एक रीत आहे. काम संपल्यावर प्रोग्रेसिव्ह टूल रॅकवर चढवताना पट्टीचा शेवटचा तुकडा टूललाच बांधून ठेवतात. त्या तुकड्यावर भोक, खाच, वाक, कापणी असे सगळे टप्पे ओळीने अर्धवट उमटलेले असतात. पुढच्या वेळी टूल लावणारा आधी तो तुकडा उजेडात धरून बघतो, कुठला पंच बोथट झाला, कुठे माप सरकले. दांडा थांबवून ताटलीवरच्या पाच पुंगळ्या उतरवल्या की त्याही तशाच एका ओळीत उभ्या राहतात, एक नुसती साफ केलेली, एक दारूने भरलेली, एक गोळी बसलेली, आणि जाणता माणूस काम सुरू करण्याआधी आणि संपवल्यावर त्या ओळीकडे निवांत बघतो.